‘नाशिक’ या नावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी शाळेच्या मुलांना आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना पांडवलेणी दाखवायला घेऊन जाते. पायऱ्या उतरताना प्रश्न सुरू होतात आणि त्यातले निम्मे तरी गावाच्या नावावरचे असतात. कुणी केरळात ‘नासिक ढोल’ ऐकलेला असतो, कुणाच्या वाचनात आफ्रिकेतली ‘नासिकची मुलं’ आलेली असतात, कुणाला गणितातला ‘नासिक चौरस’ भेटलेला असतो. हे सगळं एकाच गावचं कसं, असं विचारतात. तोंडी दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

नाशिक म्हणजे नाकच ना? शूर्पणखेचं?

गावातल्या कुणालाही विचारा, हेच सांगतील. पंचवटीत राम, सीता, लक्ष्मण राहिले, शूर्पणखा आली, लक्ष्मणाने तिचं नाक कापलं आणि त्या नासिकेवरून नासिक. तपोवनात कपिला संगमापाशी ती जागासुद्धा दाखवतात.

दुसरी परंपरा सांगते की नाव ‘नवशिख’ म्हणजे नऊ शिखरांवरून आलं. ‘नाशिक नव टेकांवर वसविले’ ही म्हण जुन्या गावातल्या लोकांच्या तोंडी होती. जुनी गढी, डिंगर अळी, चित्रघंटा ही टेकांचीच नावं. भद्रकालीच्या बाजूने गोदावरीकडे चालत गेलात, तर रस्ता किती वेळा चढतो-उतरतो ते पोटऱ्यांनाच कळतं. गाव टेकांवर वसलंय हे त्यामुळे मला मान्य आहे, नावाची व्युत्पत्ती मात्र तिथे नाही. ज्या काळापासून नाव लिहिलेलं सापडतं, त्या काळापासून ते ‘नासिक’ असंच आहे आणि ‘नवशिख’चा ‘व’ त्यात कुठेच दिसत नाही.

एक जुना श्लोकही आहे: कृतयुगात पद्मनगर, त्रेतायुगात त्रिकंटक, द्वापरात जनस्थान आणि कलियुगात नासिक. यातलं ‘जनस्थान’ आजही वापरात आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठान देतं त्या साहित्य पुरस्काराचं नाव तेच.

नाशिक बरोबर की नासिक?

मराठीत नाशिक. पण ‘नासिक’ लिहिणाऱ्याला चूक म्हणून हसू नका, कारण जुनं रूप तेच आहे. ‘स’चा ‘श’ आपल्याच जिभेने केला, आणि तो उगाच केलेला नाही.

मराठीची एक जुनी सवय आहे. ‘स’च्या पुढे ‘इ’ किंवा ‘ई’ आली की ‘स’चा ‘श’ होतो. संस्कृत ‘सीमा’ची आपण शीव केली. ‘सीव्’ धातूचं शिवणं झालं, ‘सिध्’चं शिजणं झालं, ‘सिंच्’चं शिंपणं झालं. गावच्या शिवेवर बसून गोधडी शिवणारी बाई आणि चुलीवर शिजणारा भात, दोघांत हाच ‘श’ आहे. नासिकमधल्या ‘सि’ची ‘शि’ झाली ती याच रांगेत. हिंदीला ही सवय नाही, म्हणून तिकडे आजही नासिक म्हणतात. इंग्रजी पाट्यांवरही पूर्वी ‘स’चंच स्पेलिंग असे, नंतर ते ‘श’चं झालं.

म्हणून कुणी विचारलं की मी सांगते: नासिक हे नाव आपल्याला मिळालेलं आहे आणि नाशिक हे आपण घडवलेलं आहे.

‘नाशकात’ म्हणणं गावंढळ आहे का?

अजिबात नाही. हा प्रश्न हल्ली फार येतो आणि मला तो लागतो. मुलं ‘नाशिकमध्ये’ म्हणतात, आजीच्या ‘नाशकात’ला हसतात. पण कापूस-कापसात, लाकूड-लाकडात, खारीक-खारकेत, तसंच नाशिक-नाशकात. विभक्ती लागली की शेवटून दुसऱ्या अक्षरातला इकार-उकार गळतो, हा मराठीच्या घरच्या शब्दांचा नियम आहे. संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द असं करत नाहीत. कविता-कवितेत, नासिका-नासिकेत. ‘नाशकात’ म्हणणारी आजी त्या नावाला घरच्या शब्दासारखं वागवते आहे. ‘नाशिकला’, ‘नाशिकमध्ये’ म्हणा, तेही चालतं. आजीला दुरुस्त तेवढं करू नका.

हे नाव पहिल्यांदा कुठे लिहिलेलं सापडतं?

आपल्याच डोंगरावर. पांडवलेण्यांतलं १९ क्रमांकाचं लेणं हे तिथल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी. चैत्यगृहाच्या, म्हणजे आत स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्याच्या, शेजारी, जरा खालच्या अंगाला आहे आणि घाईतले लोक ते ओलांडून जातात. त्याच्या खिडकीच्या वरच्या पट्टीवर ब्राह्मी अक्षरांत कोरलंय:

*सादवाहनकुले कण्हे राजिनि नासिककेन समणेन महामातेण लेण कारित*

सातवाहन कुळातला कण्ह राजा असताना नाशिकच्या, श्रमणांच्या महामात्राने, म्हणजे भिक्षूंची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याने, हे लेणं करवलं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ओळ आहे. मुलांना मी ती हळू वाचून दाखवते आणि ‘लेण’ शब्दाशी थांबते. तोच शब्द आपण आजही वापरतो, फक्त शेवटी एक अनुस्वार वाढलाय. वर्गात प्राकृत शिकवायला तास लागेल, इथे ते एका शब्दात कळतं.

शेजारच्या १८ क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी कमानीवर आणखी छोटा लेख आहे: ‘नासिककानं धंभिकगामस दानं’. नाशिककरांनी दिलेलं धंभिक गावाचं दान. ‘नासिकक’ म्हणजे नाशिककर! एकट्या राजाचं नव्हे, सगळ्या गावाचं नाव दारावर आहे. गौतमीपुत्र सातकर्णीचं आज्ञापत्र याच डोंगरावर आहे, पण ते गोवर्धनच्या अमात्याला, विष्णुपालिताला उद्देशून लिहिलंय. सरकारी कारभाराचं ठिकाण तेव्हा गोवर्धन होतं. गंगापूरजवळचं गोवर्धन गाव आजही आहे.

नाव तेव्हाच बाहेरगावीही गेलं होतं. मावळातल्या बेडसे लेण्यांत ‘नासिकतो’, म्हणजे नाशिकहून आलेल्या आनंद शेठच्या मुलाने, पुसणकाने, दान दिल्याचा लेख आहे. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपाला नाशिकच्या गोरखितेने, वसुकाच्या बायकोने, एक खांब दिला. त्या काळी एका बाईचं नाव आणि तिच्या गावाचं नाव एवढ्या लांब दगडावर जाऊन बसावं, याचं मला प्रत्येक वेळी नवल वाटतं. ग्रीक भूगोलकार टॉलेमी दुसऱ्या शतकात ‘नासिक’ नोंदवतो, पण गोरखिता त्याच्याही आधीची.

व्याकरणाच्या ग्रंथातही नाशिक आहे म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि माझ्या मते या नावाची सगळ्यात देखणी नोंद तीच. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात, नासिका या शब्दाची चर्चा येते. नासिकेला ‘य’ हा प्रत्यय लागला की नासिकेचं ‘नस्’ होतं आणि शब्द बनतो ‘नस्य’. वैद्यांनी नाकात घालायला दिलेले थेंब ते हेच नस्य. पण दोन ठिकाणी हा नियम चालवू नये, असं तिथे सांगितलंय: वर्णाच्या बाबतीत आणि नगराच्या बाबतीत. नासिक्य वर्ण आणि नासिक्य नगर.

वर्ण म्हणजे ङ, ञ, ण, न, म यांसारखे नाकातून येणारे उच्चार, आणि नगर म्हणजे आपलं गाव. दोन्ही एकाच अपवादात. लोकांनी नाव तसंच म्हणायचं ठरवलं होतं म्हणून वैयाकरणाला नियम बाजूला सारावा लागला. स्वतः ‘नाशिक’ म्हणून पाहा, सुरुवातच ‘न’ने होते, नाकातून.

गुलशनाबाद म्हणजे नाशिकच का?

हो. मुघल अमलातलं नाव, अर्थ फुलबागांचं शहर. पेशवाईत पुन्हा नाशिक रूढ झालं. फुलं मात्र राहिली, पहाटे फुलबाजारात जाऊन बघा.

‘नासिकाभूषणी’ नावाचा राग नाशिकशी संबंधित आहे का?

गावाशी नाही, शब्दाशी आहे. आणि संगीताची आवड असलेल्यांना यात फार मौज सापडेल.

कर्नाटक संगीतात ७२ मेळकर्ता राग आहेत, म्हणजे बाकीचे राग ज्यांतून निघतात असे मूळ राग. त्यातला ७० वा नासिकाभूषणी, म्हणजे नाकाचा दागिना. आपल्या भाषेत नथ. त्याचे स्वर आपल्या पद्धतीत सांगायचे तर सा, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, पंचम, शुद्ध ध आणि कोमल नी. दोन्ही गंधार लागोपाठ आणि ऋषभ गायब. हार्मोनियमवर एकदा वाजवून पाहा, पहिल्या तीन स्वरांतच कान टवकारतो. त्यागराजांची ‘मारवैरि रमणी’ ही कृती याच रागात आहे.

आता गंमत. या मेळांची नावं ‘कटपयादि’ या जुन्या अक्षर-अंक पद्धतीने बेतलेली आहेत. प्रत्येक व्यंजनाला एक अंक असतो आणि नावाच्या पहिल्या दोन अक्षरांचे अंक उलटे वाचले की रागाचा क्रमांक मिळतो. ‘न’ म्हणजे ०. य, र, ल, व, श, ष, स, ह यांचे अंक १ ते ८, म्हणजे ‘स’ म्हणजे ७. ना-सि, ० आणि ७, उलटे वाचा: ७०.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वहीत लगेच ‘नाशिक’ लिहून पाहिलं. ‘श’चा अंक ५. ना-शि, ० आणि ५, उलटे ५०. पन्नासावा मेळ आहे नामनारायणी. म्हणजे आपल्या जिभेने ‘स’चा ‘श’ केला आणि त्या हिशेबाने गाव नथीच्या रागातून उठून नारायणाच्या रागात जाऊन बसलं. त्यामागे कुणाची योजना नाही हे मला माहीत आहे. तरी गोदाकाठी आरती चालू असताना हा हिशेब आठवतो आणि बरं वाटतं.

केरळात ‘नासिक ढोल’ कसा काय?

लोकप्रिय झाला म्हणून गेला. लग्नाची वरात असो, देवळाचा उत्सव असो की निवडणुकीची मिरवणूक, केरळात आणि कर्नाटकाच्या किनारपट्टीवर ‘नासिक ढोल’ किंवा ‘नासिक बँड’ बोलावतात. तिकडे स्वतःचं चेंडा हे थोर वाद्य असताना! मी एर्नाकुलमला एका लग्नाला गेले होते. मांडवाबाहेर दहा-बारा मुलं, गळ्यात ढोल, सगळी मल्याळी. एकाला विचारलं, नासिक कुठे आहे माहितीये? त्याला माहीत नव्हतं. त्याच्या लेखी नासिक हे वाद्याचंच नाव होतं. मी गावाचं नाव सांगितलं तेव्हा त्याने ढोलावर एक जोरदार थाप दिली आणि हसला.

आपल्याकडचा नाशिक ढोल म्हणजे ढोल, ताशा आणि झांज. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप. ताशा पुढे धावतो, ढोल त्याला धरून ठेवतो. चामड्याचं पान असेल तर पावसाळी हवेत ते ढिलं पडतं आणि आवाज बसतो. मग मिरवणूक निघायच्या आधी कोपऱ्यात थोडा जाळ करून पानाला शेक द्यायचा, दोऱ्या ओढायच्या, बोटाने टिचकी मारून ऐकायचं, पुन्हा ओढायच्या. आता फायबरच्या पानांमुळे ही खटपट वाचली. आवाज मोठा येतो हे खरं, पण चामड्याचा घुमारा त्यात नाही असं माझं मत आहे आणि जुने वाजवणारेही हेच सांगतात.

आफ्रिकेच्या इतिहासातली ‘नासिकची मुलं’ कोण होती?

हा प्रश्न विचारला की मी आधी शरणपूर रोडचं नाव घेते. रोज हजारो लोक त्या रस्त्याने जातात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर ही वस्ती वसवली. त्या काळी हिंदी महासागरात अरबी गलबतांतून आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून नेत. इंग्रजांच्या आरमाराने अशी गलबतं पकडली की सुटलेल्या मुलांना मुंबईत उतरवत. त्यांना परत पाठवायचं तरी कुठे? गाव जळालेलं, आई-बाप कुठे ते ठाऊक नाही. त्यातली अनेक मुलं शरणपूरला आली, लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचं नाव पडलं ‘नासिक बॉईज’.

आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६५ मध्ये मुंबईला आला तेव्हा त्याने शेवटच्या मोहिमेसाठी इथली काही मुलं बरोबर घेतली. पुढे त्याच्या मदतीला जी तुकडी गेली, तिच्यातही नाशिकची मुलं होती. त्यातला एक जेकब वेनराइट. १ मे १८७३ रोजी लिव्हिंगस्टन आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी वारला. बरोबरच्या लोकांनी ठरवलं की त्याला त्याच्या देशी पोचवायचं. काळीज एका झाडाखाली पुरलं. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर लेख कोरला. देह उन्हात वाळवला, झाडाच्या सालीत आणि कापडात बांधला आणि सगळे चालू लागले. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते किनाऱ्यावर बागामोयोला पोचले. नऊ महिने!

१८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता. त्या प्रवासाची त्याने रोजनिशीही ठेवली होती. थडग्यावर ‘निष्ठावंत हातांनी’ देह आणल्याचं कोरलंय, पण हातांची नावं तिथे नाहीत. म्हणून मी नाव घेऊन सांगते.

त्यानंतर शरणपूरची बरीच माणसं मोंबासाजवळच्या फ्रेअर टाउनला गेली, तिथे सुटलेल्या गुलामांची नवी वस्ती झाली. त्यांच्यापैकी मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५ पर्यंत जगला. ज्यांनी आधी एकदा सगळं गमावलं, त्यांच्या नावापुढे आपल्या गावाचं नाव लागलं. शरणपूर रोडवर याची खूण म्हणून एक पाटी असावी, असं मला मनापासून वाटतं.

‘नासिक चौरस’ म्हणजे काय?

जादूच्या चौरसाचा एक अवघड प्रकार. अँड्र्यू फ्रॉस्ट हा मिशनरी नाशिकला राहत असे. त्याने अशा चौरसांच्या गुणधर्मांवर लिहिलं आणि त्यांना आपल्या गावाचं नाव दिलं. त्याचा मोठा लेख १८७८ चा. ‘नासिक घन’ही त्याचेच. इतर गणिती त्यांना पॅनडायगोनल किंवा डायबोलिक म्हणतात. मला अर्थात फ्रॉस्टचं नाव आवडतं.

वहीत चार ओळी लिहा:

७ १२ १ १४
२ १३ ८ ११
१६ ३ १० ५
९ ६ १५ ४

आडवी, उभी कुठलीही ओळ घ्या, बेरीज ३४. दोन्ही कर्णांची ३४. इथवर साधा जादूचा चौरस. आता १२ पासून तिरके खाली उतरा: १२, ८, ५, आणि चौरसाची कड संपली. पलीकडून, म्हणजे खालच्या ओळीत डावीकडून आत या: ९. बेरीज पुन्हा ३४. असे सगळे तुटके कर्ण ३४ देतात, म्हणून तो नासिक चौरस. शेजारशेजारच्या चार घरांचा कुठलाही छोटा चौरस घेतला तरी तेच. मुलांच्या हातात पेन्सिल द्या आणि बाजूला व्हा, अर्धा तास घर शांत.

हा चौरस फ्रॉस्टचा नाही. तो खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात कोरलेला आहे आणि चौतिसा यंत्र म्हणून ओळखला जातो. १ ते १६ अंकांचे असे वेगवेगळे ४८ चौरस होतात. फिरवलेले आणि आरशातले धरले तर ३८४.

देवळालीच्या नावाच्याही संख्या आहेत ना?

आहेत. गणिती द. रा. कापरेकर देवळालीला राहत आणि नाशिकला शाळेत शिकवत. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक त्यांचाच. ज्या संख्या दुसऱ्या एखाद्या संख्येत तिचेच अंक मिळवून तयार होत नाहीत, त्यांना ते स्वयंभू म्हणत आणि त्यांचंच दुसरं नाव देवळाली संख्या. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१ होतात, म्हणून २१ स्वयंभू नाही. २० करून दाखवा, जमणार नाही.

‘नासिकाबॅट्राकस’ हा बेडूक नाशिकचा का?

नाही, केरळातल्या इडुक्कीचा. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली. जांभळट, फुगीर, डुकरासारखं टोकदार नाक. संस्कृत नासिका आणि ग्रीक भाषेतला बेडूक यांची जोड करून नाव दिलं. वर्षभर जमिनीखाली राहतो, पावसाच्या सुरुवातीला थोडे दिवस वर येतो. त्याचे सगळ्यात जवळचे नातलग सेशेल्स बेटांवर आहेत. नावाच्या दुसऱ्या भागात, ‘सह्याद्रेन्सिस’मध्ये, सह्याद्री आहे, तेवढं नातं पुरे.

दुसऱ्या भाषांत हा शब्द आहे का?

अरबीत ‘नासिक’ म्हणजे तपस्वी, उपासना करणारा. हजच्या विधींना ‘मनासिक’ म्हणतात ते त्याच धातूवरून. आपल्या नावाशी त्याचं नातं नाही, पण तीर्थक्षेत्राला शोभणारा योगायोग आहे. रोमच्या इतिहासात स्किपिओ घराण्याच्या एका शाखेचं नाव ‘नासिका’ होतं, तेही नाकावरूनच. तिथे मात्र खरं नातं आहे, कारण लॅटिनमधलं आणि संस्कृतातलं नाक एकाच मुळाचं.

तिकिटं जमवणारे ‘नासिक छपाई’ म्हणतात ते काय?

१९२६ पर्यंत भारताची टपाल तिकिटं लंडनहून छापून येत. त्या वर्षापासून ती नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापली जाऊ लागली. जुन्या तिकिटांत ही कुठली छपाई, एवढं ओळखण्यासाठी ते नाव.

मुलांना हे सगळं दाखवायचं तर सुरुवात कुठून करावी?

१९ क्रमांकाच्या लेण्यापासून. सकाळी लवकर निघा, पाण्याची बाटली घ्या. उन्हाळ्यात दहानंतर पायऱ्या तापतात. मोठी लेणी आधी बघायला मुलं धावतील, धावू द्या, पण परतताना या लहान लेण्याशी थांबा. उजेड तिरका येत असेल तर अक्षरं चांगली उठून दिसतात. ब्राह्मीतला ‘न’ सोपा असतो, एक उभी रेघ आणि तिच्या पायाशी एक आडवी. मुलांना तेवढा शोधायला सांगा. बोट लावू देऊ नका, दगड झिजतो. ‘न’ सापडला की शेजारची अक्षरं तुम्ही वाचा, ना-सि-क, आणि मग त्यांना विचारा की आपण काय म्हणतो.